पेट्रोलच्या वासामागे जळगाव जामोदपर्यंत

जळगाव जामोदला जायचं तर मलकापूरपर्यंत रेल्वे आहे, पुढे एसटी आहे, आणि शहाणी माणसं तशीच जातात. आम्ही ठकीने गेलो.

ठकी म्हणजे आमची गाडी. पिस्ता रंगाची, गोल डोळ्यांची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली. ती माझ्याआधी श्रीधरच्या घरात आली, त्यामुळे पहिला मान तिचा, दुसरा सासूबाईंचा आणि उरला तर माझा. सासूबाई गेल्या तरी माझा नंबर काही वर सरकला नाही. असल्या गाड्या आता लोक प्रदर्शनात मांडतात नाहीतर भंगारात घालतात. माझा नवरा तिच्यातून भाजी आणायला जातो.

या प्रवासाचं निमंत्रणही खरं तर तिलाच होतं. श्रीधरचा होस्टेलमधला खोलीमित्र म्हणजे जळगाव जामोदचे बबनराव. त्यांचं लग्न झालं तेव्हा त्यांच्या बायकोला, कुसुमताईंना, नांदुऱ्याहून सासरी आणलं ते ठकीतून, आणि चालवायला होता श्रीधर. कुसुमताई त्याआधी कधी मोटारीत बसल्याच नव्हत्या. आता त्यांच्या मुलीचं, मीनलचं लग्न ठरलं, सासर मलकापूरचं. कुसुमताईंनी फोनवर सांगितलं, "भाऊजी, मी ज्या गाडीत आली त्याच गाडीत माही पोरगी गेली पाह्यजे. मले दुसरा आहेर नको." श्रीधरने तिथल्या तिथे शब्द दिला. त्याने गाडीला विचारलं नाही, आणि मला विचारायची तर आमच्याकडे पद्धतच नाही.

पुणे सोडताना

श्रीधरबद्दल दोन गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या. एक म्हणजे त्याची हिरवी चिकटपट्टी, वायरमन लोक वापरतात ती. आमच्या घरातल्या ज्या वस्तूला टोक आहे तिला ही पट्टी आहे. चष्म्याची काडी, टीव्हीचा रिमोट, माझ्या छत्रीची मूठ, सगळं हिरवं. तारेचं टोक कुणाला बोचू नये म्हणून त्यावर पट्टीचे दोन वेढे देऊन शेवटचा तुकडा तो आत दुमडतो, म्हणजे पुन्हा सोडवताना सापडतो.

दुसरी गोष्ट त्याच्या नोकरीची. विमा कंपनीसाठी त्याने आयुष्यभर अपघात झालेल्या गाड्या तपासल्या. त्यातून त्याचं एक भाषण तयार झालं आहे आणि ते माझं पाठ आहे. "मी पाहिलेल्या प्रत्येक चेपलेल्या गाडीला पुढे लिंबू-मिरची लटकत होती. लिंबू शाबूत, गाडीचा चेंदामेंदा." निघायच्या दिवशी माझी नणंद वत्सलाताई चाकाखाली ठेवायला एक लिंबू घेऊन आल्या तेव्हा हे भाषण पार्किंगमध्ये झालं. वत्सलाताईंनी ते लिंबू मुकाट्याने माझ्या हातात दिलं आणि सरबत करून पी म्हणाल्या. आदल्या संध्याकाळी हा गृहस्थ बराच वेळ टॉर्च घेऊन गाडीखाली पडून होता. काय करतोस विचारलं तर ऑइल बघतोय म्हणाला. मी विश्वास ठेवला, कारण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर गाडीखालच्या नवऱ्यावर कोण लक्ष ठेवतं.

माझ्या बॅगेत पावडरचा मोठा डबा होता, त्यावरूनही टोमणे झाले. लग्नाला जाते आहेस की नाटकाला, असं विचारून झालं. तो डबा लक्षात ठेवा.

देऊळघाट

वाटेत एक मुक्काम झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी धाडच्या अलीकडे आम्ही टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, सोंगणीला आलेला हरभरा, कापूस वेचून झाल्यावर उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या. मी खिडकी उघडी टाकून मजेत बसले होते आणि पेट्रोलचा वास आला.

मी सांगितलं. श्रीधर म्हणाला, भरताना सांडलं असेल. थोड्या वेळाने पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, तुझं नाक माहेरून आलंय, तिथे सगळ्यांनाच सगळ्याचा वास येतो. माझ्या माहेरचं नाक अपमान सहन करत देऊळघाटपर्यंत आलं. रस्त्याकाठी एका चहाच्या टपरीसमोर, ओढ्याकडे उतरणाऱ्या जागेवर आम्ही गाडी उभी केली. चहाचा पहिला घोट घेऊन मी खाली वाकले, तर पुढच्या चाकांच्या मध्ये माती ओली होत होती. थेंब पडत होता, मुरत होता, पुढचा पडत होता.

पुण्यात आमच्या सोसायटीत गाडीतून ऑइल गळलं तर काचेवर चिठ्ठी चिकटवतात, आणि ती कुणी चिकटवली हे शेवटपर्यंत कळत नाही. देऊळघाटला चिठ्ठी वगैरे भानगड नाही. चहा संपायच्या आत चार माणसं गाडीखाली होती आणि बाकीची वाकून त्यांना सल्ला देत होती. गाडी किती सालची, बसते किती माणसं, विकणार का, हेही त्याच दमात विचारून झालं. एका पागोटेवाल्या बाबांनी शांतपणे निदान केलं, नजर लागली, एवढी साजरी गाडी अन् पुढं एक लिंबू नाही.

झालं. श्रीधरने चहाचा कप खाली ठेवला आणि चेपलेल्या गाड्यांचं भाषण सुरू केलं. लोकांनी मन लावून ऐकलं, माना डोलावल्या. भाषण संपल्यावर बाबा म्हणाले, "खरं हाय साहेब. पन लिंबू-मिरचीनं गाडी बिघडत त नाही ना?" श्रीधरने खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. याचं उत्तर मला मलकापूरला मिळायचं होतं.

तेवढ्यात रफिकभाई आले. स्टँडजवळ त्यांचं मोटारपंप आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, आणि बोलण्याला खळ नाही. आल्या आल्या त्यांनी आधी सगळ्यांच्या विड्या विझवायला लावल्या, मग ठकीच्या बॉनेटवरून म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. असली गाडी त्यांच्या उस्तादाकडे यायची म्हणाले. "साहेब, गाडी बिघडली नाही. पंपाजवळचा वायसर सुकून गेला. थेंब इंजनखाली पडून राह्यला म्हनजे गळती इंजनपाशीच असंन, दुसरं काय?" श्रीधरला ते पटलं. मलाही पटलं. पागोटेवाल्या बाबांना पटलं नाही, पण त्यांचं नजरेचं निदान आधीच फेटाळलं गेलं होतं.

काम सुरू करण्याआधी रफिकभाईंनी टाकी कॅनमध्ये रिकामी केली, जुन्या ट्यूबमधून नवा वायसर कापला आणि बसवला. तोवर सूर्य कलला. तुम्ही आता कुठे जाणार, असं कुणी विचारलं नाही. रफिकभाईंच्या बायकोने एवढंच विचारलं की जवारीची भाकर चालते ना. आमच्याकडे पाहुण्याला जेवण विचारताना उत्तराला जागा ठेवतात. इथे प्रश्न फक्त भाकरीचा होता, राहण्याचं कधीच ठरून गेलं होतं. भाकरी, बेसन, डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा आणि वर गोड शेवया. श्रीधरने ठेचा दोनदा घेतला आणि तिसऱ्यांदा घेताना त्याला बोलता येईना.

सकाळी गाडीखालची माती कोरडी ठणठणीत होती. रफिकभाईंनी सगळ्या देऊळघाटला ती माती दाखवली. मग कॅनमधलं पेट्रोल परत टाकीत ओतलं, आणि मलकापूरला बहिणीकडे जायचंच आहे असं म्हणत हत्यारांची पिशवी घेऊन आमच्या मागच्या सीटवर येऊन बसले.

राजूरचा घाट

बुलढाण्यापर्यंत रफिकभाईंनी उस्तादांच्या गोष्टी सांगितल्या. गावातून बाहेर पडून आम्ही राजूरचा घाट उतरायला लागलो. दोन्ही अंगांना पळस फुललेला, खाली मोताळ्याकडचा सपाट मुलूख उन्हात पसरलेला. हा घाट मी पुन्हा कधीतरी निवांत बघणार आहे, कारण या खेपेला दुसऱ्याच वळणावर वास आला आणि मी पळसाकडे पाहायचं सोडून दिलं.

या वेळी मला सांगावं लागलं नाही. रफिकभाई एका गोष्टीच्या मध्यावर गप्प झाले, आणि हे गप्प होणं वासापेक्षा जास्त भीतिदायक होतं. गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले. पुन्हा इंजिनखाली तेच, टपटप, कालच्यापेक्षा जोरात.

"काल पुरी रात त एक थेंब पडला नाही," रफिकभाई म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी उतरला होता. मी सहज म्हटलं की काल रात्री टाकीत पेट्रोल होतं कुठे, ते तर कॅनमध्ये होतं. रिकाम्या टाकीची गळती थांबली म्हणून दोन जाणती माणसं रात्रभर खुशीत झोपली होती, आणि मीही त्यांच्याबरोबर शेवया खाऊन झोपले होते.

नेमका तेव्हाच कुसुमताईंचा फोन. कुठवर आल्या वैनी, मीनल सारखी विचारते. मागे हळदीची गडबड ऐकू येत होती. आम्ही घाटात आहोत, पळस काय सुंदर फुललाय, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं. त्या म्हणाल्या की नवरदेवाकडची मंडळी भाड्याची मोठी गाडी आणतो म्हणून मागे लागलीयत, पण मी नाही म्हणून सांगितलं, माझी गाडी पुण्याहून निघाली आहे. मी फोन ठेवला आणि श्रीधरला हे शब्दशः सांगितलं. सांगायला नको होतं असं नंतर वाटलं, कारण त्याने चष्मा काढला आणि काचा पुसत राहिला.

मग तो म्हणाला, "आज गळती सापडली नाही तर मी पोरीला या गाडीत बसवणार नाही. कुसुमला मी स्वतः सांगेन." इतक्या वर्षांत ठकीविरुद्ध बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य. मला एकदम वाईट वाटलं. गाडीचं नाही, त्याचं.

घाट आम्ही मिरवणुकीच्या चालीने उतरलो. खिडक्या सताड उघड्या, मागे रफिकभाई मांडीवर मातीची पिशवी घेऊन बसलेले, आग लागलीच तर टाकायला. अशा थाटात आम्ही मलकापूर गाठलं.

मलकापूर

रफिकभाईंची बहीण शबानाआपा रेल्वेच्या पलीकडे राहतात. मालगाड्यांचा आवाज घरात येतो आणि कुणाचं त्याकडे लक्ष जात नाही. दारासमोर चढण आहे, त्यावर ठकीला नाक वर करून उभं केलं. आपांनी आधी भावाला झापलं, की मेहमान घेऊन येतो अन् फोन करत नाही, मग आम्हाला दालचा आणि भात वाढला. जेवल्याशिवाय कुणी गाडीखाली जायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. श्रीधरच्या घशाखाली घास उतरत नव्हता. माझ्या उतरत होता, कारण दालचा उत्तम होता आणि उपाशी पोटी मला काळजीही नीट करता येत नाही.

जेवून बाहेर आलो तर थेंब पडतच होता. पण या वेळी मागे, टाकीजवळ.

रफिकभाई म्हणाले, टाकी फुटली. श्रीधर म्हणाला, टाकी फुटली असती तर काल पुढे कशाला गळलं असतं. मग पंप. मग मागे कशाला. दोघांचं चांगलंच जुंपलं. मला मात्र आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी आठवत होते. त्यांच्या न्हाणीघरातली गळती आमच्या गॅसच्या शेगडीवर टपकायची, आणि गवंड्याने आमचं अर्धं स्वयंपाकघर फोडल्यावर कळलं की पाणी शिरतं भलतीकडूनच आणि स्लॅबच्या पोटातून चालत येतं. मी म्हटलं, काल गाडीचं नाक खाली होतं तेव्हा थेंब पुढे पडला, आज नाक वर आहे तर मागे पडतोय. उतार असेल तिकडे तो पाइपवरून चालत जात असणार. म्हणजे तो निघतो मधूनच कुठूनतरी.

रफिकभाईंनी कपाळाला हात लावला. "हाव भाभीजी. टाकीपासून इंजनपर्यंत पाइप पोटाखालूनच जाते. आमी दोघं दोन टोकं धरून भांडून राह्यलो." मग त्यांनी सगळा पाइप फडक्याने कोरडा केला आणि आपांकडे वाटीभर कणीक मागितली. कोरड्या पिठावर ओल चटकन दिसते म्हणाले. आपांनी साफ नकार दिला. खायचं पीठ गाडीच्या बुडाला फासायला मी देणार नाही, म्हणाल्या. तेव्हा मी बॅगेतून पावडरचा डबा काढला आणि श्रीधरकडे न बघता तो रफिकभाईंच्या हातात दिला. न बघणं फार अवघड गेलं.

ठकीच्या पोटाला या टोकापासून त्या टोकापर्यंत पावडर लागली. मोगऱ्याचा आणि पेट्रोलचा असा मिश्र वास सुटला की विचारू नका. आम्ही वाट बघत बसलो. यार्डातून एक लांबलचक मालगाडी गेली. टाकीजवळ पांढरं कोरडंच होतं, इंजिनाजवळही कोरडं. मग बरोबर मागच्या सीटच्या खाली, जिथे उद्या मीनल बसणार होती तिथे, पांढऱ्यात एक काळा ठिपका उमटला आणि पसरायला लागला.

रफिकभाई टॉर्च घेऊन आत सरकले. बराच वेळ नुसते त्यांचे पाय दिसत होते. मग आवाज आला, "साहेब, हे काय हाय?" ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात घोड्याची नाल होती. नाल, तिला ओवलेला एक बिब्बा आणि बांधकामाची काळी तार. कुणीतरी ती नाल पेट्रोलच्या पाइपलाच आवळून बांधली होती. पाइप जुना, पुण्यापासून गाडी थरथरत आलेली. नालेची धार घासून घासून पाइपला सुईएवढं भोक पडलं होतं.

"नजरेसाठी बांधली आसंन," आपा म्हणाल्या, आणि आपांनी, रफिकभाईंनी आणि भिंतीवरून डोकावणाऱ्या दोन शेजारणींनी माझ्याकडे पाहिलं.

माझा पारा चढला. असलं काही निघालं की ते घरातल्या बाईनेच केलेलं असणार, हे जगाने परस्पर ठरवून टाकलेलं आहे. मी लिंबाचंसुद्धा सरबत करून प्यायलेली बाई. चार शब्द सुनवायला मी तोंड उघडलं आणि तारेच्या टोकाकडे माझं लक्ष गेलं. तारेच्या टोकावर हिरव्या चिकटपट्टीचे दोन वेढे होते, शेवटचा तुकडा आत दुमडलेला.

मी श्रीधरकडे पाहिलं. तो रेल्वे यार्डाकडे असा बघत होता, जणू डबे मोजायची जबाबदारी त्याच्यावर आहे. त्याचे कान लाल झाले होते. निघायच्या आदल्या संध्याकाळचा टॉर्च, ते ऑइल बघणं, वत्सलाताईंच्या लिंबाला दिलेलं भाषण, सगळं माझ्यासमोर एका ओळीत येऊन उभं राहिलं. असा मुद्देमालासकट नवरा बायकोच्या हाती जन्मात एकदा लागतो.

"मीच बांधली," मी म्हटलं. "यांना सांगितलं असतं तर भाषण ऐकावं लागलं असतं."

"बांधाची त बंपरले बांधा ना भाभीजी," रफिकभाई म्हणाले. "पेट्रोलच्या पाइपले नाल बांधनारं मानूस मी पयलंच पाह्यलं." मग ते श्रीधरकडे वळले आणि समजुतीने म्हणाले, बायामाणसांचं मन असतं साहेब, घरी गेल्यावर चिडू नका. श्रीधर घाईघाईने म्हणाला की नाही, तो मुळीच चिडणार नाही. आपांनी मला आत नेऊन जास्तीचा चहा दिला. नवऱ्याच्या जाचातली बाई म्हणून माझी त्या घरात फार चांगली सोय झाली.

पाइपचा खराब तुकडा कापून तिथे रबरी नळी घालून दोन्हीकडे क्लिपा आवळल्या. देऊळघाटची चूक पुन्हा नको म्हणून रफिकभाईंनी श्रीधरला पंपावर पाठवून टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरून आणवली, ठकीला चढणीवर आधी नाक वर करून आणि मग नाक खाली करून उभं केलं, आणि दोन्ही वेळा स्वतः खाली पडून राहिले. पावडर पांढरीच्या पांढरी राहिली. नाल मी मागून घेतली. ती आता पावडरच्या रिकाम्या डब्यात आहे.

जळगाव जामोद

नांदुऱ्यावरून उत्तरेला वळून पूर्णा ओलांडली की पाण्याची चव बदलते. खारपाणपट्टा म्हणतात याला. आम्ही चहा घेतला तर त्यात चिमूटभर मीठ पडल्यासारखं वाटलं. टपरीवाल्याला विचारलं तर त्याला आमच्या प्रश्नाचंच नवल वाटलं. समोर सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागली. रफिकभाई उद्या थेट लग्नालाच येणार होते, त्यामुळे गाडीत आम्ही दोघंच होतो.

पूर्णेच्या पुलापासून श्रीधर काहीतरी बोलायची तयारी करत होता. शेवटी रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, "तू का सांगितलंस तूच म्हणून?" मी म्हटलं, तुझं भाषण मला अजून बरीच वर्षं ऐकायचं आहे, ते बंद पडलं तर घर सुनं होईल.

तो हसला नाही. "मी आयुष्यभर चेपलेल्या गाड्या बघितल्या," तो म्हणाला. "लिंबाचं सगळ्यांना सांगतो. आतल्या माणसांचं कधी कुणाला सांगितलं नाही. मीनलला बसवायचं ठरलं आणि मला झोप येईना."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या भाषणाला हसत आले होते. मी त्याच्या हातावर हात ठेवला, तेवढ्यात गिअर बदलायचा होता म्हणून त्याने तो काढून घेतला. ठकीत प्रेम व्यक्त करायला सपाट रस्ता लागतो.

कुसुमताई फाटकातच उभ्या होत्या. आम्हाला या म्हणायच्या आधी त्यांनी मागचं दार उघडलं, आत बसल्या आणि सीटवर तळहात फिरवत राहिल्या. "लहान झाली वाटते गाडी," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसले, वरण-बट्टी निवून राह्यली म्हणून आम्हालाच रागावल्या आणि हळदीच्या हातांनी ओढत आत घेऊन गेल्या. बट्टीवर किती तूप घालतात हे इथे लिहिलं तर आमचे डॉक्टर वाचतील.

दुसऱ्या दिवशी लग्न थाटात झालं. पाठवणीच्या वेळी रफिकभाई इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट ठकीखाली जाऊन आले आणि पाठीला माती लागलेली असतानाच मान हलवून त्यांनी परवानगी दिली. कुसुमताईंनी मीनलला स्वतः आत बसवलं, स्वतः बसल्या होत्या त्याच जागी. शेजारी नवरदेव बसला, पुढे मी. मायलेकी खिडकीतून एकमेकींचा हात धरून रडत होत्या आणि त्यांच्याकडे बघून मीही रडत होते, माझा काही संबंध नसताना.

बबनरावांची बहीण, सुमनआत्या, पुढच्या चाकाजवळ घुटमळत होती. तिच्या पदराआड लिंबं होती, पण साहेबांसमोर असलं काही काढायचं नाही अशी बबनरावांनी घरभर ताकीद देऊन ठेवली होती. श्रीधरने ते पाहिलं. तो दार उघडून खाली उतरला आणि हात पुढे करून म्हणाला, आणा इकडे आत्या. दोन्ही पुढच्या चाकांखाली त्याने एकेक लिंबू ठेवलं. मग विचारलं, अजून दोन आहेत का, मागच्यांना. आत्याने पळत जाऊन आणली. मागच्या चाकाशी वाकताना त्याचा गुडघा कटकन वाजला, तो मला आत ऐकू आला.

बबनराव बघतच राहिले. "काऊन बे शिऱ्या, तू कवापासून?"

"पोरगी बसलीय गाडीत, बबन," श्रीधर म्हणाला आणि येऊन स्टिअरिंगवर बसला.

चारही लिंबं एकदम फुटली. गाव मागे पडलं, सातपुडा पाठीमागे गेला. मीनलचे हुंदके हळूहळू कमी झाले. नवरदेव बिचारा रुमाल पुढे करावा की नाही या विचारात होता. मग मीनलने नाक पुसलं, एक लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "काका, कशाचा त वास येऊन राह्यला."

श्रीधरचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला. माझा हात दाराच्या मुठीवर गेला. दोघांनीही श्वास ओढला, एकदा आणि पुन्हा एकदा, आणि माझ्या माहेरच्या नाकाने निकाल दिला.

"लिंबाचा आहे गं," मी म्हटलं. "चारही चाकांना लागलाय."